उशीर कुणाकडून झाला

कापेल आन डेन आयसेल
११ सप्टेंबर २०२०

वासुमामा, तुम्हाला नमस्कार.

पत्राला उशीर झाला, क्षमस्व. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर आपण दोघं नुसते ओरडत राहतो, म्हणून हे लिहून मेल करते आहे. अक्षरं मोठी केली आहेत.

मला भाचीला द्याल तसा नव्हे, अशिलाला द्याल तसा सल्ला हवा आहे. माझी नोकरी गेली हे आईकडून कळलं असेल. कशी गेली ते आईला सांगितलेलं नाही. मार्चमध्ये सगळ्यांना एका दिवसात घरी पाठवलं. माझा ऑफिसचा लॅपटॉप तेव्हा दुरुस्तीला होता, म्हणून साहेबांना विचारून मी कामाच्या फायली स्वतःच्या लॅपटॉपवर घेतल्या. "घे, नंतर बघू," असं ते तोंडी म्हणाले. दोन आठवड्यांनी कंपनीने त्याच कारणासाठी मला जागच्या जागी काढून टाकलं. साहेबांना काही आठवत नव्हतं. आठ वर्षं होते मी तिथे.

इथे असं काढलं तर दोन महिन्यांच्या आत न्यायाधीशाकडे दाद मागावी लागते. मला २५ मार्चला काढलं, म्हणजे २५ मे हा शेवटचा दिवस. रॉटरडॅममधले एक वकील केले, क्लासेन त्यांचं नाव. त्यांनी अर्ज २७ मेला दाखल केला. ऑगस्टमध्ये न्यायाधीशाने तो मुदतीबाहेरचा म्हणून फेटाळला. फायलींबद्दल, साहेबांबद्दल कुणी एक शब्द ऐकला नाही.

क्लासेन म्हणतात, कागद तुमच्याकडून उशिरा आले. तसं नाही, मामा. त्यांनी कागद मागितले १३ मेला संध्याकाळी आणि मी पाठवले १४ तारखेला सकाळी. पण आता सगळीकडे हेच झालं आहे की मेधाने कागद वेळेवर दिले नाहीत. आशुतोषच्या आई परवा नाशिकहून फोनवर म्हणाल्या, "अगं, एवढं महत्त्वाचं काम, तूच जरा लक्ष घालायला हवं होतंस." मी बरं म्हणून फोन ठेवला. आशुतोष शेजारीच बसला होता.

नोकरी परत मिळणार नाही हे मी धरून चालले आहे. मला एवढंच हवं आहे की उशीर कुणाकडून झाला ते कुणीतरी कागदावर लिहून द्यावं. वकिलाच्या वागणुकीबद्दलची तक्रार इथे वकिलांच्या संघटनेच्या जिल्हाप्रमुखाकडे करतात. त्याला डेकेन म्हणतात. आमच्या जिल्ह्याच्या डेकेन एक बाई आहेत, आणि त्याही वकीलच. तुम्ही गावच्या बारच्या चौकशी समितीवर होतात, म्हणून विचारते. वकिलाविरुद्ध वकील कधी लिहून देतो का?

तुमची,
मेधा


पुणे
१९ सप्टेंबर २०२०

मेधा,

अक्षरं एवढी मोठी केलीस की एका ओळीत तीनच शब्द मावतात. मला आधी वाटलं तू कविता पाठवलीस. पुढच्या वेळी थोडी लहान कर.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: देतो, पण त्याला लिहावं लागू नये अशीच त्याची खटपट असते. मी समितीवर अकरा वर्षं होतो. त्या अकरा वर्षांत आमच्याकडची एकही तक्रार वर गेली नाही. सगळ्या चहावर मिटल्या. बारमध्ये माझं त्याबद्दल नाव होतं.

आता कामाचं. तक्रार दोन पानांच्या वर जाऊ देऊ नकोस. तारखा आधी लिही. रडगाणं शेवटी, आणि जमलं तर नकोच. शिक्षा मागू नकोस, ती त्यांची बाब आहे. भरपाई आणि वर्तणूक यांची एका अर्जात खिचडी करू नकोस. सगळीकडे त्यांची दारं वेगळी असतात, आणि चुकीच्या दारात उभा राहिलेला माणूस दोन्हीकडून परत जातो. तुझ्याकडचे सगळे मेल तारीखवार लाव. एकही गाळू नकोस, गैरसोयीचा तर मुळीच नको. तो समोरचा काढतोच.

आशुतोषरावांचं म्हणणं काय ते तू लिहिलं नाहीस.

मी ठीक आहे. वरच्या मजल्यावरचा शशिकांत भाजी आणून दाराशी ठेवतो आणि बेल वाजवून पळतो. साठीचा माणूस, पण पळतो छान.

वासुमामा


कापेल आन डेन आयसेल
९ नोव्हेंबर २०२०

मामा,

डेकेनबाईंनी माझी तक्रार क्लासेनना पाठवली, त्यांचं उत्तर काल मला आलं. अकरा पानं आहेत. सोबत माझा १४ मेचा मेल जोडला आहे, आणि त्याची पहिली ओळ पिवळी केली आहे. मी लिहिलं होतं, "उशिराबद्दल क्षमस्व. मागितलेले सर्व कागद सोबत जोडले आहेत." त्याखाली क्लासेन लिहितात की अशिलाने उशीर स्वतःच्या हाताने मान्य केला आहे, यावर आणखी काय बोलायचं?

मी ती ओळ वाचत बसले. रात्र सोडली तर मागणी आणि कागद यांच्यात काही गेलंच नव्हतं. मग मी उशिराची माफी कशासाठी मागितली? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. मी तसंच लिहिते. दुकानात कुणी माझ्या पायावर पाय दिला तरी सॉरी मीच म्हणते. इथल्या माणसाला हे कसं पटवायचं? इथे सॉरी म्हटलं की ते विचारतात, काय केलंस?

आशुतोषने उत्तर वाचलं आणि म्हणाला, "मग तू लिहिलंस कशाला तसं?" आम्ही दोघं दिवसभर एकाच जेवणाच्या टेबलावर असतो. त्याच्या मीटिंगा चालतात, मी कान झाकून नोकऱ्यांचे अर्ज लिहिते. आधीची नोकरी का सुटली या रकान्याशी येऊन थांबते.

भरपाईचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं. डेकेनच्या कार्यालयाने कळवलं की ते आमचं काम नाही. इथे प्रत्येक वकिलाला विमा काढावाच लागतो, तुम्ही त्या विमा कंपनीकडे दावा लावा. तोही लावला आहे. मन लागत नाही त्यात.

चौदा दिवसांत मला उत्तर द्यायचं आहे. काय लिहू?

मेधा


पुणे
१३ नोव्हेंबर २०२०

मेधा,

ते वाक्य तुला मी शिकवलं. तू सहावीत होतीस, सुट्टीत आमच्याकडे राहिली होतीस आणि आईला कार्ड लिहीत होतीस. मी म्हटलं, आधी क्षमा मागावी, वाचणाऱ्याचं मन मऊ होतं. तू विचारलंस, "पण मी तर कालच आले." मी म्हटलं, तरी मागावी.

तेव्हा हे निस्तरायलाही मीच मदत करायला हवी. स्पष्टीकरण लिहीत बसू नकोस. आमच्याकडे असं असतं, आमच्याकडे तसं असतं, हे परक्या कचेरीत कुणी वाचत नाही. पुरावा दे. तुझे जुने मेल काढ, ज्यांची सुरुवात अशीच आहे आणि जे वेळेवर किंवा वेळेआधी गेले आहेत असे. वीस काढ. प्रत्येकाशेजारी दोन तारखा लिही, कधी मागितलं आणि कधी दिलं. खाली एकच ओळ लिही: ही माझी पत्र सुरू करण्याची रीत आहे, कबुली नव्हे. आणि क्लासेनना एकच प्रश्न विचार. कागद १४ तारखेला हातात होते, मग २५ पर्यंतचे अकरा दिवस काय केलं?

मला वाटतं, त्याला उत्तर नाही.

वासुमामा


कापेल आन डेन आयसेल
२१ फेब्रुवारी २०२१

मामा,

वीसच्या जागी मला एकतीस मेल सापडले. त्यातला एक तर मी शेजारणीला लिहिलेला होता, तिची सायकल एक दिवस आधी परत केल्याचा. त्यातही उशिराबद्दल क्षमा मागितली होती.

डेकेनबाईंचं मत आलं. पत्र कोरडं आहे, पण मला हवं ते त्यात आहे. मुदत सांभाळणं हे वकिलाचं काम आहे, कागद अपुरे असले तरी अर्ज वेळेत टाकून कागद नंतर देता आले असते, आणि तक्रार त्यांना सकृद्दर्शनी योग्य वाटते. पण शेवटी लिहिलं आहे की हे फक्त त्यांचं मत आहे, निकाल नाही. निकाल हवा असेल तर प्रकरण शिस्त मंडळाकडे पाठवायला सांगा. एक न्यायाधीश आणि दोन वकील बसतात, आणि तेच दोष कुणाचा ते ठरवतात. मी पाठवायला सांगितलं. सुनावणी १४ जूनला आहे.

आणि नेमका आता क्लासेनकडून प्रस्ताव आला आहे. त्यांची विमा कंपनी मला जवळजवळ वर्षभराच्या पगाराएवढे पैसे द्यायला तयार आहे. चूक मान्य नाही, असं त्यात दोनदा लिहिलं आहे. क्लासेनची अट अशी की मी तक्रार मागे घ्यायची आणि पुढे याबद्दल कुठे बोलायचं नाही. सुनावणीच्या दिवसापर्यंत प्रस्ताव खुला आहे.

आशुतोष म्हणतो, घे. म्हणतो, "त्या कागदाचं तू काय करणार आहेस, फ्रेम?" त्याचंही अगदीच चूक नाही. त्याच्या कंपनीतही माणसं कमी करताहेत. नऊनंतर बाहेर पडायला बंदी, भेटायला फक्त एक माणूस येऊ शकतो, आणि येणारं कुणी नाही. मी दमले आहे, मामा. कुठल्याही कागदावर सही करून झोपावं असं वाटतं.

सांगा काय करू.

मेधा


पुणे
२६ फेब्रुवारी २०२१

मेधा,

पैसे घे आणि मिटव.

मत तुझ्या बाजूचं आलं, यात तू जिंकलीसच. मंडळात तिघांपैकी दोघे वकील आहेत. मी वकिलांना ओळखतो. ते फार तर समज देतील आणि तुझ्या हातात काहीच उरणार नाही. शहाणा माणूस दार उघडं असताना बाहेर पडतो. हे मी अकरा वर्षं लोकांना सांगत आलो आणि कुणी परत येऊन भांडलं नाही.

लस कधी मिळणार ते बघतो आहे. बाकी ठीक.

वासुमामा


कापेल आन डेन आयसेल
२२ मार्च २०२१

मामा,

सही अजून केलेली नाही. करणार होते. करण्याआधी मंडळाकडे गेलेली पूर्ण फाइल वाचायला घेतली. तिच्यात क्लासेननी एक नवीन कागद जोडला आहे, त्यांच्या फोनवरच्या बोलण्याची टिपणी. तारीख गेल्या वर्षीची, २० ऑगस्ट. निकालानंतर आशुतोषने त्यांना फोन केला होता, हे मला माहीत नव्हतं. टिपणीत लिहिलं आहे: "अशिलाच्या पतीला कागद उशिरा आल्याचे सांगितले. पती म्हणाले, शक्य आहे, कागदपत्रांच्या बाबतीत ती नेहमीच उशीर करते."

मी ती आशुतोषसमोर ठेवली. ती वाचून तो म्हणाला, "मी चिडलो होतो तेव्हा. त्याने सांगितलं आणि मी हो म्हटलं."

"मला विचारलं नाहीस."

"नाही."

त्याच्या आईंनाही त्यानेच सांगितलं होतं, त्याच दिवशी.

आता तुम्ही पुन्हा सांगा काय करू. नाहीतर नका सांगू.

मेधा


पुणे
९ मे २०२१

मेधा,

दीड महिना माझं पत्र नाही. एप्रिलचे सतरा दिवस मी इस्पितळात होतो. तुझ्या आईला मीच सांगितलं, मेधाला कळवू नको. आता घरी आहे, जिना चढता येतो. शशिकांत हल्ली पळत नाही. बाहेर खुर्ची टाकून बसतो आणि मी जेवलो की जातो.

पडून राहिलं की माणसाला नको ते आठवतं. तू मागितलेलं उत्तर देण्याआधी एक सांगायचं आहे.

एक्क्याण्णव साली आमच्या समितीकडे सरला नावाच्या एका बाईंची तक्रार आली होती. त्या शिक्षिका होत्या. संस्थेने त्यांना काढलं होतं आणि दाद मागायची मुदत त्यांच्या वकिलाने घालवली होती. वकील गुरुनाथ. माझ्याच बरोबर सनद घेतलेला, रोज एका बाकावर बसणारा. बाईंना मी माझ्या ऑफिसात बोलावलं, चहा मागवला आणि म्हटलं, "ताई, तो सगळी फी परत देतो आहे. चांगला माणूस आहे, पोरंबाळं आहेत. कशाला ओढून धरता?" त्या म्हणाल्या, "फी नको मला. मुदत माझ्यामुळे गेली नाही, एवढं समितीने लिहून द्यावं. घरी सगळे म्हणतात मीच निष्काळजी." मी म्हटलं, "तसं लिहून द्यायची आमच्यात पद्धत नाही."

पद्धत होती. छापील नमुना माझ्याच खणात होता.

त्यांनी मागे घेण्याच्या अर्जावर सही केली. चहा प्यायल्या, कप स्वतः मोरीत विसळून पालथा घातला आणि गेल्या. पुढे त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. चौकशी करायला अवघड नव्हतं, गाव केवढंसं. मी त्या वर्षीही अहवालात लिहिलं, एकही तक्रार प्रलंबित नाही. तुलाही मी ते कौतुकानेच लिहिलं होतं.

तुझं पहिलं पत्र वाचताना मला त्या आठवल्या होत्या. तरी मी फेब्रुवारीत 'मिटव' लिहिलं. सवय गेली नव्हती. कुणी परत येऊन भांडलं नाही म्हणून मी बरोबर होतो, असं मी इतकी वर्षं धरून चाललो.

माझा सल्ला मी मागे घेतो. नवीन देत नाही, तो अधिकार मला वाटत नाही. पैसे घेतलेस तरी मी तुला काही म्हणणार नाही. एवढंच, की तुला काय हवं आहे ते तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, आणि ते त्या प्रस्तावात नाही.

वासुमामा


कापेल आन डेन आयसेल
३० ऑगस्ट २०२१

मामा,

तुमचं मे महिन्यातलं पत्र आलं त्याच दिवशी मी नकार कळवला. तुम्हाला तसं एका ओळीत लिहिलं होतं, त्यापुढे लिहायला अंगात त्राण नव्हतं. इस्पितळाबद्दल मी तुमच्यावर रागावले आहे, पण ते भेटल्यावर.

सुनावणी व्हिडिओवरच झाली. जेवणाच्या टेबलावर, मागे भांड्यांचं कपाट दिसू नये म्हणून चादर लावून. आशुतोष बाहेर जातो म्हणाला. मी म्हटलं, बस. तो पडद्यात दिसणार नाही असा बसला. पाऊण तास चाललं. अध्यक्षबाईंनी क्लासेनना तुमचाच प्रश्न विचारला, अकरा दिवस काय केलंत? ते म्हणाले की कोरोनामुळे ऑफिसात माणसं नव्हती आणि तारीख डायरीत चुकीच्या पानावर लिहिली गेली. सव्वा वर्षात हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाले, बाईंना त्रास झाला हे अप्रिय आहे. अध्यक्षबाईंनी विचारलं, "ही क्षमायाचना समजायची का?" ते म्हणाले, "विमा कंपनीशी बोलल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

मला विचारलं, तुम्ही उशीर केला नव्हता तर क्षमा का मागितली? मी म्हटलं, लहानपणी पत्र लिहायला शिकले तेव्हा पहिली ओळ तशीच शिकले. दोन वकिलांपैकी एकजण हसला आणि लगेच म्हणाला, "सॉरी." मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

त्या टिपणीबद्दलही विचारलं. पतीने असं म्हटलं होतं का? मी म्हटलं, हो, म्हटलं होतं, पण तेव्हा त्यांना तारखा माहीत नव्हत्या. शेजारी आशुतोष टेबलाकडे बघत होता.

सहा आठवड्यांत निकाल देऊ म्हणाले होते, दहा लागले. तक्रार मान्य झाली. शिक्षा ताकीद, सगळ्यात खालची. तुमचा अंदाज बरोबर होता. क्लासेन उद्याही कोर्टात उभे राहतील. निकाल संघटनेच्या संकेतस्थळावर लावतात, पण त्यात कुणाचंच नाव नसतं. मी त्यात 'तक्रारदार' आहे. भरपाईबद्दल एका ओळीत लिहिलं आहे की ते या मंडळाचं काम नाही. विमा कंपनीशी पुन्हा पहिल्यापासून पत्रव्यवहार सुरू केला आहे. वर्ष जाईल, आणि मिळेल ते कदाचित आधीपेक्षा कमीच असेल.

चौथ्या पानावर ते वाक्य आहे. "कागदपत्रे मागितल्यानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी मिळाली होती, विलंबाचा कोणताही भाग तक्रारदाराकडून झालेला नाही." मी ते वाचलं तेव्हा मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. खूप वेळ जड पिशवी धरून ती खाली ठेवल्यावर हात तसाच वाकडा राहतो ना, तसं झालं.

आशुतोषला वाचायला दिलं. त्याने ते पान दोनदा वाचलं. काल रविवारी दुपारी मी कुकर लावत होते, तेव्हा तो म्हणाला, "आईला सांगू का?"

मी म्हटलं, "तू सांगितलं होतंस, तूच सांग."

त्याने तिथेच ओट्याशी उभं राहून नाशिकला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मी लावायला सांगितला नव्हता. हवापाणी झालं, लशीचा दुसरा डोस झाला का ते झालं. मग तो म्हणाला, "आई, ते कोर्टाच्या कागदांचं. मेधाकडून उशीर झाला नव्हता. वकिलाकडून झाला होता. मी तुला चुकीचं सांगितलं."

"मेधा आहे का तिथे?"

"आहे," मी म्हटलं.

"मी पण बोलले होते तुला तेव्हा."

"हो."

"माझ्या लक्षात आहे ते," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तिथे आता जेवायची वेळ ना? जेवलात का?"

आशुतोषने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अजून नाही, आई. कुकर आत्ताच लावला."

"मग बसा जेवायला," त्या म्हणाल्या. "मी ठेवते."

मेधा